काकूंच्या हातचा दहीभात

चेन्नईत वेलचेरीला राहायला आलो तेव्हा आमच्या मजल्यावर मराठी बोलणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटलंच नव्हतं. एका संध्याकाळी आईशी फोनवर बोलत बोलत मी कुलूप उघडत होतो, तर समोरच्या दारातून आवाज आला, "तूँ मराठी की रे?"

वळून पाहिलं. पासष्टीच्या एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी एक तांबूस कुत्रा. छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा, दुसरा दुमडलेला. बाईंचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले होते आणि तिथलेच झाले होते. त्यांची मराठी मला निम्मी कळायची. शब्द जुने, हेल तमिळ. त्यांना काही पाहिजे असलं की त्या 'होणा' म्हणायच्या. 'मज कॉफी होणा' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसता बघत राहिलो होतो. त्या केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. मी त्यांना काकू म्हणायला लागलो.

काकूंशी ओळख वाढली, पण माझं लक्ष असायचं ते कुत्र्याकडे. सांगलीला लहानपणी मी कुत्र्यासाठी फार हट्ट केला होता. वडिलांनी ऐकलं नाही. नंतर शिक्षण, नोकरी, भाड्याची घरं, तो विषय मागेच पडला. आता समोरच्याच घरात कुत्रा होता आणि तो माझ्याकडे ढुंकून बघत नव्हता. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आमचा ब्रेकचे भाग तपासायचा विभाग आहे. तिथून कंपनीची बस मला संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सोडायची. त्याच वेळी ते दोघं फिरायला निघालेले असायचे. काकूंचा गुडघा धरलेला, त्या हळू चालायच्या. तोही हळू चालायचा. दोरी कधी ताणलेली दिसायची नाही. मी बिस्किट पुढे केलं तर तो आधी काकूंच्या तोंडाकडे बघायचा. त्यांनी 'साप्पिडु', म्हणजे खा, असं तमिळमध्ये सांगितलं की मगच घ्यायचा. बिस्किट माझं असायचं आणि शेपूट त्यांच्याकडे बघून हलायचं.

मग काकूंचा गुडघा फारच बिघडला. पेरुंगुडीला राहणाऱ्या मुलीने ठरवलं की आईला आता एकटं ठेवायचं नाही. पण मुलीच्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. काकू इमारतीत कुणाला काही बोलल्या नाहीत. मीच जाऊन म्हणालो, आम्ही सांभाळतो. माझ्या बायकोचं ऑफिस पेरुंगुडीलाच, पण आठवड्यातले काही दिवस ती घरून काम करायची, तेव्हा तो दिवसभर एकटा पडणार नव्हता.  मग काकूंनी त्याची थाळी, दोरी आणि झोपायची चटई आमच्या दारात आणून ठेवली.

मला वाटलं, आता तो माझा झाला.

तसं काही झालं नाही. काकू दर रविवारी सकाळी शेअर ऑटोने यायच्या. त्या यायच्या आधीपासूनच तो दाराच्या फटीशी नाक लावून पडलेला असायचा. त्या आल्या की घरभर धावायचा, माझ्या चपलांवरून, बायकोच्या लॅपटॉपच्या वायरीवरून, आणि शेवटी त्यांच्या पदरात तोंड खुपसायचा. मी आठवडाभर त्याला खाऊ घातलेलं, फिरवलेलं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी काढलेल्या. त्याला आम्ही एक छानसं मराठी नाव ठेवलं होतं. त्या नावाने हाक मारली तर त्याचा दुमडलेला कान दुमडलेलाच राहायचा. काकू त्याला 'कन्ना' म्हणायच्या. तमिळ आया मुलांना लाडाने म्हणतात ते. तेवढं म्हटलं की त्याचे दोन्ही कान उभे.

"दोन तासांसाठी येतात त्या," बायको म्हणाली. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

मी म्हटलं, माझ्या पोटात काही दुखत नाही.

पोट बिघडलं ते त्याचं. पावसाळा नुकता सरला होता. आमच्या भागात पाणी साचतं ते साचून ओसरलं होतं. आधी त्याची शी पातळ व्हायला लागली, मग तिच्यात चिकट शेंबडासारखं काहीतरी दिसू लागलं आणि वास असा की बाल्कनीचं दार उघडं ठेवावं लागे. दोन दिवस बरं, पुन्हा तसंच. बरगड्या दिसायला लागल्या. नाक्यावरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शी तपासायला मागितली, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशीची. कारण अशा आजाराचा जंतू प्रत्येक तपासणीत सापडतोच असं नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी सापडला. जिआर्डिया. डोळ्यांना न दिसणारा, आतड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहणारा परजीवी. घाणेरड्या पाण्यातून येतो.

त्यांनी जंतांचं औषध दिलं आणि त्याबरोबर प्रोबायोटिकच्या पुड्या. मी विचारलं, पुडीने तो परजीवी मरेल का? त्या म्हणाल्या, नाही, मारायचं काम औषधाचं. पुडीत चांगले जिवाणू असतात. आजारानं आणि औषधानं मिळून आतड्यातली घडी विस्कटते, ती बसवायला त्यांची मदत होते. जुलाब लवकर आटोक्यात येतात, आणि आतडं सुधारलं तर परजीवीला पुन्हा ठाण मांडणं जड जातं. पण नुसत्या पुडीवर विसंबून राहू नका, आणि औषध अर्धवट सोडू नका.

मला ते सगळं पटलं. मी तपासणी विभागातला माणूस, सांगितलेलं तंतोतंत करायची सवय. दुसऱ्या दिवशी कोंबडीचा रस्सा आणि भात शिजवून वाफ जायच्या आत त्यात पुडी कालवली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी हातात घेऊन भरवायला गेलो, त्याने ओठ घट्ट मिटले. रागावलो, चुचकारलं, थाळी घेऊन त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. काही उपयोग झाला नाही. औषधाची गोळी जबडा उघडून घशात ढकलता यायची, पण पुडीच्या अन्नाला तो शिवायला तयार नव्हता.

बायकोने काकूंना फोन केला. मला न विचारता. विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं, म्हणून.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. काकू आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, दुखरा पाय लांब केलेला. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात मऊ कालवलेला दहीभात. त्यात आमची पुडी घालून त्या बोटांनी छोटे छोटे गोळे करत होत्या आणि तो एकेक गोळा त्यांच्या हातातून अलगद उचलत होता. गिळून झालं की बोटं चाटत होता. बायको ओट्याला टेकून हसत उभी होती. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खांद्यावर बॅग, असा मी दारातच थांबलो. तिघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.

काय वाटलं ते आजही नीट आठवतं. तो खातोय याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल कुठेतरी खाली. वर आलं ते एवढंच, की माझ्या हाताला काय झालंय?

"दही घाल त्याला रोज," काकू म्हणाल्या. "पुडीबिडी कशाला होणा?"

मी जरा तोडूनच म्हणालो की दही वेगळं आणि ही पुडी वेगळी, डॉक्टरांनी सांगितलंय. मग मुद्दाम दवाखान्यात जाऊन विचारून आलो. माझी बाजू खरी ठरावी अशी फार इच्छा होती. डॉक्टरीणबाईंनी निम्मी खरी ठरवली. त्या म्हणाल्या, ताजं दही थोडं चालेल, पण दह्यातले जिवाणू पोटातल्या आम्लातून आतड्यापर्यंत पोचतीलच असं नाही, तेव्हा ते पुडीच्या ऐवजी नको. पुढे त्यांनी विचारलं की पुडी मी कशात घालतो. रस्साभातात, मी म्हटलं. गरम? हो, गरम. त्या म्हणाल्या, गरमात घातलीत तर आतले जिवाणू मरतात, मग दिली काय आणि न दिली काय. काकूंचा दहीभात गार होता. हे मी घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अन्न गार करून मग पुडी घालू लागलो, इतकंच.

तो बरा झाला. अंग भरलं, बाल्कनीचं दार पुन्हा लावता आलं. काकू मधल्या वारीही येऊ लागल्या होत्या. बायको ऑफिसातून येताना कधी त्यांच्याकडून डबा घेऊन यायची. घरात माझ्या कुत्र्याचं जेवण बाहेरून येत होतं. मग काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू झालं, तोच वास, तोच शेंबूड. पुन्हा तपासणी, पुन्हा जिआर्डिया, पुन्हा औषध. तिसऱ्यांदा झालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की औषध लागू पडतंय, पण त्याला नव्याने लागण होतेय. कुठलं पाणी पितो हा?

आम्ही घरात गाळलेलं पाणी देत होतो. मी त्याला फिरवायचो तो पक्क्या रस्त्याने, एमआरटीएसच्या, म्हणजे वरून जाणाऱ्या लोकलच्या, खांबांच्या कडेकडेने. राहता राहिला रविवार. रविवारी काकू त्याला घेऊन खाली जायच्या. दोघांचा जुना रस्ता होता आणि त्यात मला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी ते खाली गेल्यावर थोड्या वेळाने मीही उतरलो. मागच्या गल्लीत एक रिकामा प्लॉट आहे, पावसाचं पाणी तिथे महिनोन् महिने डबक्यात राहतं. रस्त्यावरची कुत्री तिथेच असतात, तिथेच सगळं करतात. काकू प्लॉटच्या कडेला फुलवालीशी बोलत उभ्या होत्या. दोरी सैल. आणि तो डबक्यात पुढचे पाय रोवून लपलप पाणी पीत होता. काकूंनी एकदा वळून पाहिलं, कौतुकाने हसल्या आणि पुन्हा बोलू लागल्या.

मी धावत जाऊन त्याला ओढलं नाही. तिथेच उभा राहून शेवटपर्यंत पाहिलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. छाती भरून यावी इतका. इतके महिने जे माझ्या बाजूने नव्हतं, ते आता होतं.

ते वर आले. बायकोने कॉफी केली. मी काकूंच्या समोर बसलो आणि सांगितलं की प्लॉटमधल्या डबक्यातून त्याला ही लागण होते आहे, डॉक्टरांना विचारलं आहे, तिसरी वेळ आहे. डॉक्टरांना मी डबक्याबद्दल अजून विचारलेलं नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. काकूंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. तो त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता.

"मीच आणली का ही पीडा त्याला?" त्यांनी विचारलं.

"रविवारीच जातो तो तिकडे," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. लहानपणापासून तो तिथलंच पाणी प्यायलाय, असं म्हणता आलं असतं. मी त्याची तयारी करून ठेवली होती, उत्तर जुळवलं होतं. त्या नुसत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो बरा होऊं दे. तोवर मी येत नाहीं."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, खोटं काय बोललो?  ती कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन खरंच विचारलं. डबक्याचंच कारण असावं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मी बरोबर होतो. या वेळी त्यांनी सगळं पहिल्यापासून बसवून दिलं. औषध पूर्ण द्यायचं. शी लगेच उचलायची. चटई गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची, फरशी कोरडी ठेवायची, कारण ओल असली की परजीवीची अंड्यासारखी कवचबंद रूपं टिकून राहतात. औषध संपत आलं की त्याला अंघोळ, मागचा भाग नीट साबणाने, नाहीतर अंगाला चिकटलेलं चाटून तो स्वतःच स्वतःला पुन्हा लागण करून घेईल. आणि पुड्या, औषध संपल्यावरही काही दिवस.

मी सगळं केलं. चेन्नईच्या उन्हाचा पहिल्यांदाच उपयोग झाला, चटई गच्चीवर तासाभरात कडकडीत. पण जेवण? तो पुन्हा तोंड फिरवू लागला. आता डबाही येत नव्हता. मी दही विरजलं, भात मऊ शिजवला, गार केला, हाताने कालवला, काकू करायच्या तसे गोळे केले. तो गोळ्याकडे बघायचा आणि मग दाराकडे. मी काहीही मराठीत सांगितलं तरी त्याच्या तोंडावरची रेष हलत नव्हती.

बायको घरात नाही असं बघून एका संध्याकाळी मी त्याच्यासमोर मांडी घातली आणि म्हणालो, "साप्पिडु, कन्ना."

माझं तमिळ बसवाल्याशी आणि भाजीवाल्याशी भागण्यापुरतं. तो शब्द माझ्या तोंडून कसातरीच आला. त्याने झटकन वर पाहिलं. दोन्ही कान उभे झाले. माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या मागे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या आवाजाची बाई कुठेतरी असणार अशी त्याची खात्री असावी. मी पुन्हा म्हणालो, जरा हळू, काकू म्हणायच्या तसं शेवट लांबवून. त्याने मान पुढे केली आणि गोळा घेतला. मग दुसरा. माझी बोटं चाटली.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि रागही आला, कारण त्याला भरवायला मला काकूंचा भात, त्यांची बोटं आणि त्यांचा शब्द उसना घ्यावा लागला होता. पण पुडी पोटात गेली. रोज गेली. बायकोने एकदा दारातून ऐकलं आणि परत फिरली. खांदे हसण्याने हलत होते, ते मला पाठमोरे दिसले.

तपासणी स्वच्छ आली. डॉक्टरीणबाईंनी काही दिवस जाऊ देऊन पुन्हा केली, तीही स्वच्छ. त्या म्हणाल्या, आता डबकं सांभाळा. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी काकूंना फोन केला. बायकोने सांगितलं नव्हतं, मीच केला. वाटलं होतं, बोलणं अवघड होईल. त्यांनी माझी विचारपूससुद्धा केली नाही. शी घट्ट होते का, रंग कसा आहे, वास गेला का, एवढंच खोदून खोदून विचारलं आणि मी रहदारीच्या आवाजात ओरडून ओरडून उत्तरं दिली. बाजूला उभे असलेले लोक बघत होते.

त्या रविवारी आल्या. त्याने जे केलं ते लिहीत नाही, तेच सगळं, आधीपेक्षा जास्त. मी तयार होतो, तरी लागलं. फिरायला मीही बरोबर गेलो. रिकामा प्लॉट टाळून, मुख्य रस्त्याच्या कडेने. दोरी काकूंच्या हातात, मी एक पाऊल मागे. त्याने मागच्या गल्लीकडे ओढ घेतली तेव्हा काकूंनी दोरी माझ्या हातात दिली, कारण त्यांच्याने तो आवरत नव्हता. मी आवरला.

शेअर ऑटोची वाट बघताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मुलीचा घरमालक बदलला होता. नव्या मालकाला कुत्रा चालत होता.

 दोरी मी मनगटाला एक वेढा जास्त गुंडाळली. विचारलं, कधीपासून चालतंय?

"झाले बरेच दिवस," त्या म्हणाल्या. तो आजारी होता तेव्हापासून. मग त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "तूँ भिऊं नोको. मज आता वाकवत नाहीं. त्याला धुवायचं, उचलायचं, कोण करील? मी रविवारी येईन."

मी हो म्हणालो.  त्या मागू शकत होत्या आणि मागत नव्हत्या. मी नाही म्हणायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. मला त्याचाही हेवा वाटला.

ऑटो आला. काकू कडेला सरकून बसल्या, पाय सांभाळून आत घेतला आणि ऑटो निघाला. तो त्याच्यामागे झेपावला, मी धरला. ऑटो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा त्याने रस्त्यातच बैठक मारली. उठेना. नावाने हाक मारली, कन्ना म्हटलं, बिस्किटही दाखवलं. मागून दुचाक्या हॉर्न वाजवायला लागल्या. शेवटी मी वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं. आता त्याचं वजन वाढलेलं होतं, कंबरेत कळ आली. फाटकातल्या वॉचमनने दार उघडून धरलं. मी त्याला छातीशी घेऊन आत गेलो आणि तो माझ्या खांद्यावर मान टाकून सगळा वेळ रस्त्याकडे बघत राहिला.